एक घर, एक कॉम्प्युटर आणि न सांगितलेली तारीख

हे प्रकरण माझ्या बहिणीच्या घरचं आहे. तिला आणि भाच्याला विचारून, नावं गाळून लिहितोय. मी लॅमिंग्टन रोडवर पीसी असेंबल करतो, याच रस्त्यावर माझी अठरा वर्षं गेली. ‘गेम खेळायला कन्सोल घ्यावा की पीसी?’ हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी काउंटरवर येतो आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांत मिटतो. या वेळी मात्र तीन रविवार गेले. उत्तरासाठी लागणारी एक माहिती, म्हणजे हवी असलेली गेम पीसीवर येणार का आणि कधी, ती गेम काढणारी कंपनी देत नव्हती, आणि बाकी सगळा हिशेब त्या एका माहितीवर अडला होता.

घर आणि मशीन

गिरगावातली चाळ, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दिवाण, समोर भिंतीवर टीव्ही, खिडकीखाली भाच्याचं टेबल. टेबलावर पीसी, आणि टेबलाखाली कॅबिनेटला खेटून तांदळाचा डबा, कारण दुसरीकडे जागाच नाही. टीव्ही आजींचा. संध्याकाळी सात ते साडेदहा मालिका चालतात आणि त्या वेळात रिमोटला कोणी हात लावत नाही.

भाचा बावीस वर्षांचा. ॲनिमेशनचा कोर्स केलाय. लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, गणपतीत मंडळांच्या आगमनाचे रील्स करून देतो, उरलेल्या वेळात ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकतो. पीसी मीच २०२१ मध्ये जोडून दिलेला. रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. त्या बजेटमध्ये तेव्हा ते चांगलं मशीन होतं. आता ब्लेंडरमध्ये जरा मोठा सीन उघडला की कार्डाची ६ जीबी मेमरी भरते आणि रेंडर (सीनचं शेवटचं चित्र तयार होणं) मध्येच थांबतो. गेम तो याच मशीनवर खेळतो.

गणपती-नवरात्राच्या कामांतून त्याच्याकडे ६२ हजार रुपये जमले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुकानात येऊन म्हणाला, “मामा, पीएस ५ घेऊ का?”

पीएस ५ म्हणजे सोनीचा कन्सोल, टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. कारण उघड होतं. जीटीए ६, म्हणजे रॉकस्टार कंपनीच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या गेमचा नवा भाग. पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा २०२५ साल सांगितलं होतं. मग २६ मे २०२६ झालं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा पुढे ढकलून १९ नोव्हेंबर २०२६. गेम पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस या कन्सोलवर येणार असं जाहीर झालं. पीसीबद्दल एक शब्द नाही. ‘येणार नाही’ असं कोणी म्हणालं नाही, ‘येणार’ असंही नाही.

बहीण म्हणाली, “दादा, अजून एक डबा मी ठेवू कुठे? आणि लावणार कुठल्या टीव्हीला?” टीव्हीचा प्रश्न सुटण्यासारखा होता. कन्सोल एचडीएमआय केबलने त्याच्याच मॉनिटरला लागतो. जागेचं मात्र तिचं खरं होतं. पीएस ५ उभा ठेवला तरी चांगलाच जाडजूड, आणि हवा खेळायला चारी बाजूंनी मोकळीक लागते. तांदळाच्या डब्याला चिकटवून तो ठेवता येत नाही.

बिलाच्या मागच्या बाजूचा हिशेब

पहिल्या रविवारी आम्ही दोघांनी जुन्या तारखा काढल्या. एका जुन्या बिलाच्या पाठीमागे मी लिहीत गेलो, तो सांगत गेला. याच कंपनीच्या गेम कन्सोलवर कधी आल्या आणि पीसीवर कधी.

जीटीए मालिकेतली व्हाइस सिटी पीएस २ वर ऑक्टोबर २००२ मध्ये, पीसीवर मे २००३ मध्ये. सॅन अँड्रियास ऑक्टोबर २००४ आणि जून २००५. जीटीए ४ एप्रिल २००८, पीसीवर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. इथपर्यंत सात-आठ महिन्यांची चाल दिसते. एक परीक्षा संपेपर्यंत थांबायचं, एवढंच. पुढे ती बिघडली. जीटीए ५ कन्सोलवर १७ सप्टेंबर २०१३, पीसीवर १४ एप्रिल २०१५, म्हणजे एकोणीस महिने. रेड डेड रिडेम्प्शन २ ऑक्टोबर २०१८ आणि नोव्हेंबर २०१९, एक वर्ष. आणि त्या मालिकेचा पहिला रेड डेड रिडेम्प्शन कन्सोलवर मे २०१० मध्ये आला, पीसीवर २९ ऑक्टोबर २०२४ ला. चौदा वर्षं! भाचा पहिलीतही गेला नव्हता तेव्हा ती गेम निघाली आणि तो कमावता झाल्यावर त्याच्या मशीनवर पोचली.

तो कागद बघून भाचा म्हणाला, “म्हणजे सात महिने ते चौदा वर्षं यांच्यामध्ये कुठेतरी.” इतक्या लांबरुंद अंदाजावर ६२ हजारांचा निर्णय कोणी कसा घ्यायचा?

सोनीच्या स्वतःच्या गेमचंही पाहिलं. होरायझन झीरो डॉन २०१७ मध्ये पीएस ४ वर, पीसीवर ऑगस्ट २०२० मध्ये. गॉड ऑफ वॉर एप्रिल २०१८ आणि जानेवारी २०२२. यातली एक गेम भाच्याला फार जिव्हाळ्याची. अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी, ऑगस्ट २०१७. ती घडते भारतात, आपल्या पश्चिम घाटात. होयसळांची मंदिरं, बेलूर-हळेबीडचे उल्लेख, आणि शोध कशाचा, तर गणपतीच्या दाताचा. गिरगावात वाढलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला हे ऐकून काय वाटलं असेल! त्याने तेव्हा ती मोबाइलवर, दुसऱ्या कोणीतरी खेळून टाकलेल्या व्हिडिओंमधून पाहिली. पीसीवर ती १९ ऑक्टोबर २०२२ ला आली, पाच वर्षांनी. आली त्याच आठवड्यात त्याने विकत घेतली. घाटातल्या पावसाचं, झाडीचं काम बघायला मला मुद्दाम घरी बोलावलं होतं. कोडी आणि शेवट त्याला आधीच पाठ होते.

याच्या शेजारी दुसरी गेम ठेवा. हिटमॅन २, नोव्हेंबर २०१८. तिच्यात एक पूर्ण टप्पा मुंबईत घडतो, गल्ल्या, झोपडपट्टी, अर्धवट उभा राहिलेला टॉवर. ती बनवणारा कोपनहेगनचा आयओ इंटरॅक्टिव्ह स्टुडिओ आदल्याच वर्षी मालक कंपनीपासून वेगळा होऊन स्वतःच्या पायावर उभा राहिला होता. तरी गेम पीसी, पीएस ४ आणि एक्सबॉक्स वन या तिन्हींवर एकाच दिवशी आली. तेव्हा ‘आम्हाला एकाच वेळी जमत नाही’ हे मोठ्या कंपन्यांचं म्हणणं मी पूर्ण मान्य करू शकत नाही. ज्यांना करायचं असतं ते करतात. हेलडायव्हर्स २ तर सोनीनेच काढलेली, फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएस ५ आणि पीसीवर एकाच दिवशी, आणि बारा आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती खपल्याचं कंपनीने स्वतः सांगितलं.

कंपनीची बाजू, जी मी रोज बाकावर बघतो

पीसीसाठी गेम करणं अवघड आहे, हे माझ्याइतकं कोणाला पटणार नाही. माझ्या बाकावर एकाच वेळी तीन मशीन उघडी असतात. तिन्हींत एकच कार्ड, तरी एक शांत चालतं, दुसरं अडखळतं, तिसरं ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बदलल्याशिवाय चित्रच दाखवत नाही. रॅमचा वेग वेगळा, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) कमी ताकदीचा, विंडोज अपडेट न केलेली. गेम बनवणाऱ्याला अशी हजारो मिश्रणं सांभाळावी लागतात. पीएस ५ म्हटलं की आतली चिप ठरलेली. प्रकाश, पाणी, धूर पडद्यावर काढणारे जे छोटे प्रोग्रॅम असतात, ज्यांना शेडर म्हणतात, ते त्या एका चिपसाठी आधीच तयार करून देता येतात. पीसीवर ते प्रत्येक कार्डासाठी आणि प्रत्येक ड्रायव्हरसाठी नव्याने तयार करावे लागतात. गेम चालू असताना केले तर झटके बसतात, आधी केले तर माणूस मेनूसमोर ताटकळत बसतो.

घाईने आणलेल्या पीसी आवृत्तीचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. बॅटमॅन: अर्कहम नाइट २३ जून २०१५ ला निघाली आणि एक-दोन दिवसांतच तिची पीसीवरची विक्री थांबवावी लागली. पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबरचा शेवट उजाडला. द लास्ट ऑफ अस पार्ट १ मार्च २०२३ मध्ये पीसीवर आली तेव्हा शेडर तयार होण्यात लोकांचा इतका वेळ गेला, आणि मेमरी इतकी लागली, की पुढचे कित्येक आठवडे दुरुस्त्याच येत राहिल्या. म्हणून ‘पहिल्याच दिवशी पीसीवर पाहिजे’ असा हट्ट मी धरत नाही. सहा महिने घ्या, वर्ष घ्या, पण नीट करून द्या.

कन्सोल तरी नेहमी सुरळीत असतो का? सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये सगळीकडे एकाच दिवशी आली. बऱ्या पीसीवर ती खेळण्यासारखी होती. जुन्या पीएस ४ वर तिचे इतके हाल झाले की सोनीने आठवड्याभरात ती आपल्या दुकानातून काढली, ती जून २०२१ पर्यंत परत आली नाही.

चोरीच्या कॉपीचा मुद्दाही टाळणार नाही. माझ्या पिढीने व्हाइस सिटी कॉपी केलेल्या सीडीवर खेळली. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून, किंवा फुटपाथवरून सीडी आणून. मीही खेळलो, आणि ते चूक होतं. कंपन्यांना पीसीवाल्यांची धास्ती वाटायला आम्ही कारण दिलं. पण नोव्हेंबर २०१५ पासून स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, भाव रुपयांत दिसायला लागले, पुढे पैसे भरणंही सोपं झालं, आणि माझ्या डोळ्यांदेखत गिऱ्हाईक बदललं. भाच्याच्या स्टीम खात्यावर पन्नासएक गेम आहेत. सगळ्या विकत घेतलेल्या, बहुतेक सेलमध्ये. त्याने आयुष्यात कॉपीची सीडी हातात धरलेली नाही. बापाच्या पिढीच्या चुकीचा हिशेब त्याच्याकडून का चुकवून घ्यायचा?

राहिला धंद्याचा भाग. जीटीए ५ आधी पीएस ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आली, वर्षाने पीएस ४ आणि एक्सबॉक्स वनवर, मग पीसीवर, आणि मार्च २०२२ मध्ये नव्या कन्सोलवर पुन्हा. २० कोटींच्या वर प्रती खपल्या. त्यात एकाच माणसाने दोन-दोनदा घेतलेल्या किती असतील, विचार करा. गिऱ्हाइकाला समजून-उमजून दोनदा घ्यायची असेल तर हरकत नाही. पण पीसीवर येणार हे लपवून त्याला आधी कन्सोलकडे ढकलायचं, हे मला माझ्या काउंटरवर करवणार नाही. पुढच्या महिन्यात नवं कार्ड येणार हे मला माहीत असेल तर मी ते सांगतो. गिऱ्हाईक हातचं गेलं तरी सांगतो.

कन्सोलच्या बाजूने, भाच्याचे दोन मुद्दे

दुसऱ्या रविवारी तो तयारीने आला होता.

पहिला मुद्दा: पीएस ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आला, पुढे ५४,९९० झाला, आणि तेवढ्या पैशात तू मला त्या तोडीचा नवा पीसी जोडून देशील का? नाही देऊ शकत. कॅबिनेट, बोर्ड, एसएमपीएस, प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांतच बजेट संपतं, कार्डाला काही उरत नाही. कन्सोल बनवणारे यंत्रावर फारसं कमवत नाहीत, नंतर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधून वाटा घेतात. मला तशी सोय नाही.

दुसरा मुद्दा मला जास्त आवडला. डिस्क. कन्सोलची डिस्क खेळून झाल्यावर विकता येते. मुंबईत हे मोठ्या प्रमाणावर चालतं. मुलं स्टेशनवर भेटून डिस्कची अदलाबदल करतात, वापरलेल्या डिस्क घेणारी-देणारी दुकानं आहेत. चार-पाच हजारांची गेम पहिल्या महिन्यात संपवून विकली तर बरेचसे पैसे परत येतात. पीसीवर विकत घेतलेली गेम खात्याला चिकटते, ती विकता येत नाही. पाच मित्रांत एक डिस्क फिरवणाऱ्या मुलाला कन्सोल खरंच स्वस्त पडतो. ज्याच्या घरी पीसी नाही आणि कामासाठी लागणारही नाही, त्याला मी बिनदिक्कत कन्सोल घ्यायला सांगतो.

पण या घरात पीसी होता. नुसता पडून नव्हता, कमावत होता, आणि तुलना इथे उलटते. प्रश्न नवा पीसी की नवा कन्सोल असा नव्हताच. एकीकडे पूर्ण दुसरं यंत्र, दुसरीकडे असलेल्या यंत्रात एक कार्ड. कन्सोलवर ब्लेंडर चालत नाही. मंडळाच्या आगमनाचा रील त्याच्यावर कापता येत नाही. लॉकडाउनमध्ये मुलांच्या शाळेसाठी, घरून कामासाठी म्हणून मुंबईतल्या किती घरांत पीसी आले, ते मी स्वतःच्या हातांनी पोचवलेत. गेम पीसीवर काढणं म्हणजे या घरांना ‘तुमच्याकडे जे आहे त्यावर चालेल’ असं सांगणं. त्याने केवढा फरक पडतो, ते एका खोलीत तीन पिढ्या राहतात तिथे बसून बघावं.

आणखी एक. भाचा थ्रीडीकडे वळला कशामुळे? सॅन अँड्रियासमध्ये मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेले बदल, टाकून. कोणीतरी बनवलेली लाल एसटी त्याने गेममध्ये उतरवली, मग तिचा रंग बदलायला शिकला, मग ती फाइल उघडून गाडीचा आकार घडवणारी आतली थ्रीडी जाळी बघितली. कन्सोलवर हा दरवाजा बहुतेक बंदच असतो. उद्या याने स्वतः छोटी गेम बनवली तर स्टीमवर शंभर डॉलर भरून मांडता येते. कन्सोलवर मांडायची तर आधी त्या कंपनीकडून मंजुरी आणि खास किट मिळवावं लागतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओने राजी ही गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आणली आणि दोनच महिन्यांत पीसी, पीएस ४ आणि एक्सबॉक्सवर. छोट्या चमूला हे जमलं.

काय केलं

तिसऱ्या रविवारी निर्णय झाला आणि तो भाच्याने स्वतः घेतला. मी एकच गोष्ट सांगितली: जी तारीख कोणी दिलेली नाही, तिच्यावर पैसे लावू नकोस. जे काम हातात आहे त्यावर लाव.

आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबीवालं कार्ड घेतलं, साधारण ४६ हजारांना. रॅमही वाढवायची होती, पण २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे चढले की दिवाळीआधी ज्या पैशात जोडी यायची तेवढ्या पैशात एकच स्टिक मिळत होती. ती तूर्त राहू दिली. दोन स्लॉट मोकळे आहेत, भाव उतरले की टाकू.

कार्ड मी घरी जाऊन बसवलं. कॅबिनेटची बाजू उघडली तर आत राखाडी धुळीचा थर, त्यात समुद्राच्या हवेने ओल धरलेली. दुकानात ब्लोअरने एका फटक्यात निघते. इथे आजींच्या पूजेच्या सामानातला नवा कोरा ब्रश मागून घेतला आणि पंख्याची एकेक पाती पुसली. जुन्या कार्डाचा स्क्रू गंजला होता, जपून सोडवावा लागला. स्लॉटच्या टोकाची चिमटी दाबताना भाच्याचा श्वास अडकल्याचं कळत होतं. नवं कार्ड ‘टक्’ करून बसलं तेव्हा त्याने श्वास सोडला. पहिल्यांदा काय उघडावं? गेम नाही. अर्धा अडकून पडलेला तोच ब्लेंडरचा सीन. तो न थांबता पूर्ण रेंडर झाला आणि बहीण चहा घेऊन मॉनिटरसमोर उभी राहिली.

उरलेल्या १६ हजारांतले सहा त्याने आईला दिले. दहा बँकेत ठेवले आणि सोबत महिन्याला एक हजाराची आरडी उघडली. मुदत किती ठेवायची हे ठरवायला तो बिलाचा तोच कागद घेऊन बसला होता. १९ नोव्हेंबर २०२६ मध्ये जीटीए ५ चे एकोणीस महिने मिळवले की जून २०२८ येतो. आरडी डिसेंबर २०२५ पासून तीस महिन्यांची केली. गेम पीसीवर त्याआधी आली तर मोडायची, त्याने फॉर्म भरतानाच मॅडमना विचारून घेतलं की मुदतीआधी मोडली तर व्याज किती कापतात.